सासरे, मी आणि लेक सुपीरियर

जहाजावर येताना मऊ, घडी होणारी बॅग आणा, केबिन लहान असतात, टणक सुटकेस मावणार नाही, असं क्रूझ कंपनीनं आधीच कळवलं होतं. माझे सासरे डेट्रॉइटच्या धक्क्यावर उतरले ते आपली सगळ्यात मोठी, टणक, मरून रंगाची सुटकेस घेऊन. तिच्यात त्यांचं अमेरिकेतलं सगळं बिऱ्हाड होतं. स्वेटर, औषधं, वंदनेचं पुस्तक, बुद्धाची पितळी मूर्ती, आणि एका माणसापुरती डाळ शिजेल असा छोटा कुकर. प्रवास संपल्यावर ते माझ्या घरी परत येणार नव्हते. डलूथला, जिथं जहाजाचा शेवटचा मुक्काम होता, तिथं त्यांचा मुलगा त्यांना घ्यायला येणार होता. तिथून ते कायमचे न्यू जर्सीला, आयसेलिनजवळच्या त्याच्या घरी जाणार होते.

हे ठरवलं कोणी, ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. माझी बायको आजारी पडली तेव्हा तिचे वडील नागपूरहून आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरी आले. ती गेली. ते राहिले. पुढं काय, हा विषय ना त्यांनी काढला ना मी. मग एका सकाळी नाश्त्याला ते म्हणाले की मुलगा बोलावून राहिला आहे. मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. त्यांनी विचारलं, तुमची काही अडचण नाही ना? मी म्हटलं, माझी कसली अडचण? इतक्या मोठ्या गोष्टीचा निकाल आम्ही पोहे थंड व्हायच्या आत लावला.

ही क्रूझ खरं तर तिची. औषधं लागू पडताहेत असं वाटत होतं त्या काळात तिनं आम्हा दोघांसाठी बुक केली होती. आम्ही दोघं मिशिगनमध्ये ॲन आर्बरला शिकलो, बसस्टॉपवर गारठत उभे असताना ओळख झाली, पुढं लग्न झालं. विद्यार्थी असताना लेक मिशिगन पाहिला, ह्युरन पाहिला, सुपीरियर लांब म्हणून राहिला. नंतर मला चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात गेलो. तिथं पाणी म्हणजे मागच्या अंगणातला निळा स्विमिंग पूल. एकदा सुपीरियर बघायचाच, असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. ती गेल्यावर बुकिंग तसंच पडून होतं आणि कंपनीची माणसं, या वर्षी येताय की नाही, असं विचारत होती. मी बाबांना म्हटलं, चला, जाण्याआधी जाऊन येऊ.

माझ्या सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते नागपूरला टेलिफोन खात्यात होते. वस्तीतल्या विहारात लग्नं लावायचे, आणि प्रत्येक लग्नात उभं राहून जावयाचा मानपान, पाय धुणं, हुंडा या सगळ्यांवर सडकून बोलायचे. लेकीच्या घरचं पाणी बापानं पिऊ नये, या समजुतीला ते मूर्खपणा म्हणत, आणि तेही माइकवरून. असा हा माणूस माझ्या घरी फ्रिज उघडण्याआधी मला विचारत असे. सोफ्याच्या कडेवर बसत असे. मी कामावरून आलो की उठून उभा राहत असे. मी एकदा म्हटलं, बाबा, असं उठत जाऊ नका. ते ‘हो जी’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठले. जावई म्हणजे दहावा ग्रह, म्हणतात. बाकीच्या नऊ ग्रहांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. या दहाव्याचं मात्र ते सगळं सांभाळत.

मीही काही कमी नव्हतो. त्यांना मागायला लागू नये म्हणून त्यांच्या गोळ्या मीच डबीत भरून ठेवायचो, फोन चार्जिंगला लावायचो, चपला सरळ करून ठेवायचो. ते माझं जाकीट टांगायचे, माझा कप विसळायचे. एकमेकांना त्रास नको म्हणून आम्ही दोघं हॉटेलात उतरलेल्या परक्या पाहुण्यांसारखे राहत होतो. ती होती तेव्हा मधूनच ओरडायची, बाबा, खुशाल मागा ना, आणि मला म्हणायची, अरे, त्यांना करू दे. ती गेल्यावर घरात ओरडणारं कोणी उरलं नाही.

जहाज लहान होतं. दोन दिवसांत सगळे चेहरे ओळखीचे झाले. या प्रकाराला एक्सपिडिशन म्हणतात. एक्सपिडिशन म्हणजे परत आल्यावर गरम टॉवेल आणि सूप नक्की मिळणार असलेलं साहस. सोबत पक्ष्यांचा, खडकांचा, जुन्या जहाजांचा अभ्यास असलेली माणसं असतात, ती संध्याकाळी स्लाइड दाखवतात आणि दिवसा आपल्याला किनाऱ्यावर नेतात. प्रवासी बहुतेक निवृत्त. पन्नाशी ओलांडलेला मी तिथं तरुण ठरलो. पहिल्याच जेवणाला लोकांनी विचारलं, हे तुमचे वडील का? मी सांगितलं, बायकोचे वडील. मग हटकून पुढचा प्रश्न यायचा, बायकोला यायला जमलं नाही? मी ‘नाही’ म्हणायचो. एका शब्दाचं आणि खरं उत्तर होतं ते.

बाबांची मात्र चंगळ झाली. विस्कॉन्सिनची एक निवृत्त नर्स आणि तिचा नवरा, यांनी त्यांना जवळजवळ दत्तकच घेतलं. बाबांचं इंग्रजी खात्यातल्या पत्रव्यवहाराचं, पण त्यांना चाललं. जेवायला ते त्यांच्याच टेबलावर बसत. मी जागा धरून ठेवली तर हातानंच नको म्हणत आणि सांगत, तुम्ही मोकळे बसा. मोकळा बसून मी काय करणार होतो, ते त्यांनाच ठाऊक. मी खडकांच्या अभ्यासकाशेजारी बसून लोखंडाच्या गंजाबद्दल ऐकायचो. सकाळी जाग यायची तेव्हा केबिनमध्ये त्यांचा पलंग आवरलेला असायचा. मला बाथरूम आधी मिळावं म्हणून ते पहाटेच आवरून लाउंजमध्ये जाऊन बसत, डोळे मिटून वंदना म्हणत. जहाजावरच्या कॉफीवाल्याला वाटायचं, यांना झोप येत नाही.

सू सेंट मरीला जहाज एका मोठ्या हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी भरतं आणि ह्युरनच्या पातळीवरून तुम्ही सुपीरियरच्या पातळीवर चढता. बाबांना ते फार आवडलं. त्यांनी कठड्याला धरून पूर्ण वेळ भिंतीकडे बघितलं, ओली रेघ खाली कशी जाते ते. मग सुपीरियर सुरू झाला. पाण्याचा रंग वेळेप्रमाणे बदलत होता, बहुतेक वेळ तो राखाडी होता. खारा वास नाही. बाबा नाक वर करून हुंगत म्हणाले, फुटाळ्याचाच वास आहे, फक्त पलीकडचा काठ हरवला आहे. नागपूरच्या फुटाळा तलावावर ते रोज फिरायला जायचे, त्यामुळे त्यांचं मत जाणकाराचं होतं.

मिशिगनच्या उत्तर काठाला वालुकाश्माचे उंच कडे आहेत. पाणी झिरपून त्यांच्यावर तांबडे, हिरवे, काळे पट्टे उमटले आहेत. लोक फोटो काढत होते, कुणीतरी रडतसुद्धा होतं. मी ती जागा बघून घेतली. तिनं दाखवलेल्या फोटोंत रंग जास्त भडक होते, एवढं माझ्या मनात आलं. मला वाटलं होतं की इथं आल्यावर काहीतरी दाटून येईल. तसं काही झालं नाही, आणि झालं नाही म्हणून वाईटही वाटलं नाही.

आता त्या पाटीबद्दल. किनाऱ्यावर जायचं तर रबरी बोटीतून जावं लागतं. बोटीत उतरायच्या दाराजवळ एक पाटी होती आणि तिच्यावर प्रत्येक प्रवाशाच्या नंबरची चकती. एका बाजूनं पांढरी, एका बाजूनं लाल. जहाजावरून उतरताना आपली चकती लाल करायची, परत आलं की पांढरी करायची. सगळ्या पांढऱ्या झाल्या की सगळे आले असं समजून नांगर उचलायचा. यापेक्षा सोपी पद्धत असू शकत नाही. आम्ही दोघांनी तीही बिघडवली. पहिल्याच उतरण्याच्या वेळी मी माझी चकती उलटवली, बाबांना हात वर करायला नको म्हणून त्यांचीही उलटवली. मागून बाबा आले आणि त्यांनी स्वतःची चकती पुन्हा उलटवली, शिवाय जवाईबुवा विसरले असतील म्हणून माझीही. आम्ही दोघं किनाऱ्यावर, आणि पाटीच्या हिशेबानं दोघं जहाजावर. परत आल्यावर एक्सपिडिशनच्या प्रमुख बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. उंच, शांत बाई, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी सांगितलं की आपली चकती आपणच फिरवायची, दुसऱ्याची कधीही नाही. आम्ही दोघांनी शाळेतल्या मुलांसारख्या माना हलवल्या.

शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या अपॉसल बेटांपैकी एकावर उतरलो. एक गट टेकाडावरच्या दीपगृहापर्यंत चालत जाणार होता, दुसरा वाळूवरच थोडं फिरणार होता. बाबा म्हणाले, मी इथंच थांबतो, तुम्ही व्हा समोर. मी दीपगृहाकडे गेलो. वर पोचेपर्यंत तळ्यावर धुकं उतरायला लागलं आणि आम्हाला लगेच परत फिरवण्यात आलं. किनाऱ्यावर आलो तेव्हा वाळूवर फिरणारा गट आधीच गेला होता, असं मला वाटलं. समोरच्या बोटीत एकच जागा शिल्लक होती. खलाशानं घाई केली, मी त्याचं मनगट धरून चढलो. जहाजावर आल्यावर पाटीवर बाबांची चकती लाल दिसली. माझ्या मनात एकच विचार आला, बाबा विसरले. आता पुन्हा बोलणी खातील. मी इकडेतिकडे बघितलं आणि ती पांढरी केली.

नंतर मी सूप घेतलं. तेही सांगायला हवं. मी खिडकीपाशी बसून टोमॅटोचं सूप प्यालो, आणि जहाजानं नांगर उचलला तेव्हा मला बरंच वाटलं, कारण धुकं वाढत होतं. त्या विस्कॉन्सिनच्या बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांसाठी ब्रेड काढून ठेवला आहे, ते विश्रांती घेताहेत का? मी केबिनमध्ये गेलो. पलंग आवरलेला. पलंगाशेजारी सुटकेस, सुटकेसवर चष्म्याचं घर. डेकवर गेलो, ग्रंथालयात गेलो, परत केबिनमध्ये आलो.

प्रमुख बाईंना शोधून मी सांगितलं की माझे सासरे जहाजावर नाहीत. त्यांनी पाटीवरच्या त्यांच्या चकतीकडे बोट केलं, ती पांढरी होती. मी म्हणालो, ती मी फिरवली. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग वायरलेसवर बोलायला लागल्या. जहाज थांबलं. पाण्यात बोट सोडली. मी येतो म्हटलं तर त्या म्हणाल्या, बसा आणि मधे बोलू नका.

त्या बोटीत मी घाबरलो होतो. ती आजारी असताना मी इतका घाबरलो नव्हतो, कारण तेव्हा काय होणार ते डॉक्टर आधी सांगत आणि मग तसंच होई. इथं कोणी काही सांगत नव्हतं. पुढं पांढरं, मागं पांढरं, आणि खाली हाडं गोठवणारं पाणी. मला एकच दिसत होतं, की हा म्हातारा माणूस ओरडणार नाही. थंडी वाजली तरी सांगणार नाही. कुणी विचारलं तर ‘चाललं आहे जी’ म्हणेल. असल्या माणसाला हरवल्यावर शोधायचं कसं?

ते एका ओंडक्यावर बसले होते. लाइफ जॅकेटचे बंद नीट लावलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, बसस्टॉपवर बसल्यासारखे. बोट वाळूला टेकली तसे ते उठून उभे राहिले. मला बघून उठायची त्यांची सवय तिथंही सुटली नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडताक्षणी मला इतका राग आला की मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. मी विचारलं, तुम्ही होता कुठं?

त्यांनी शांतपणे सांगितलं. मी टेकाडावरून उतरताना त्यांना दिसलो होतो. बोटीत एकच जागा आहे, हेही त्यांनी पाहिलं होतं. आपण दिसलो तर जवाईबुवा आपल्याला बसवतील आणि स्वतः मागं राहतील, म्हणून ते झाडांमागं, जिथं संडासाची लाकडी खोली होती, तिकडे जाऊन उभे राहिले. आणखी एक बोट येईलच, असा त्यांचा हिशेब होता. ती आलीही असती, चकती लाल राहिली असती तर. किनाऱ्यावरच्या खलाशांनी जहाजाला विचारलं, जहाजानं पाटी बघून सांगितलं, सगळे आले. बाबा झाडांमागून बाहेर आले तेव्हा खलाशी वाटेवर लावलेले झेंडे गुंडाळून आपल्या बोटीतून निघाले होते. जहाज आणि त्याच्यावर मी मात्र अजून हाकेच्या अंतरावर होतो.

“मग हाक मारायची ना,” मी म्हटलं. “ऐकू आली असती.”

“जवायाला नाव घेऊन बोंब मारायची असते का?” बाबा म्हणाले.

मी प्रमुख बाईंकडे बघितलं. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि हे कुठल्याही भाषेत सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मी बाबांना म्हटलं, तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, पोराला फोन केला असता. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. फोन खात्यातल्या माणसानं सांगितलेला मार्ग होता तो. पण मला ते फार लागलं.

जहाजावर प्रमुख बाईंनी मला जे सुनवायचं ते सुनावलं, आवाज न चढवता. मी ऐकून घेतलं, त्यांचं बरोबर होतं. मग केबिनमध्ये आलो. बाबांनी गरम पाण्यानं अंघोळ केली होती, आता पलंगावर बसून ओला टॉवेल घडी करत होते. बाहेर अजून उजेड होता. दुसऱ्या पलंगावर मी बसलो. दोन पलंगांमध्ये त्यांची सुटकेस, त्यामुळे आमचे गुडघे दोन्ही बाजूंनी तिला टेकत होते.

मी विचारलं की तुम्ही मला इतकं परकं का धरता? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, परकं कुठं, उलट तुम्हाला त्रास होऊ नये एवढंच पाहून राहिलो. आणि मग, काही तरी द्यायचं राहून गेलं होतं ते द्यावं तसं, त्यांनी सांगितलं की न्यू जर्सीला जायचं हे मुलानं ठरवलेलं नाही. मुलगा बोलावत होताच, पण ठरवलं तिनं. शेवटच्या महिन्यात, मी कामावर गेलेलो असताना, ती त्यांना म्हणाली होती, बाबा, माझ्यामागं काही दिवस इथं राहा आणि मग दादाकडे जा. ह्यांना अडकवू नका. तुम्ही असाल तोवर हे दुसरं काही सुरू करणार नाहीत, आणि तुम्हाला जा असंही कधी म्हणणार नाहीत. बाबांनी शब्द दिला होता. काही दिवस म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी अंदाजानं धरलं होतं.

आमच्या घरी सगळं तीच ठरवायची. घर कुठलं, गाडी कुठली, सुट्टीला कुठं. बहुतेक वेळा ती बरोबर असायची आणि मला डोकं चालवायला लागायचं नाही, त्यामुळे मी कधी तक्रार केली नाही. पण त्या संध्याकाळी, त्या चिमुकल्या केबिनमध्ये, मला तिचा राग आला. ती गेल्यापासून मला तिची आठवण आली होती, तिच्यावाचून अडलं होतं, तिच्याबद्दल चार लोकांत नीट बोलताही आलं होतं. राग आला नव्हता. आता तो आला, आणि त्याच्या मागोमाग इतके दिवस जे दाटून येत नव्हतं ते सगळं आलं. मी रडलो. बाबांनी टॉवेल पुढं केला. तो ओला होता.

“तिनं मला विचारलं नाही,” मी म्हटलं. “ती चुकली, बाबा.”

“ती विचार करूनच सांगायची जी.”

“मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.”

जहाज हळूहळू चाललं होतं, धुक्यातला भोंगा मधूनमधून वाजत होता.

“मग आता म्हणा,” ते म्हणाले.

मी म्हटलं. मला त्या घरात एकट्याला राहायचं नाही, मला तुम्ही तिथं हवे आहात, तुम्ही जाऊ नका. सोपी वाक्यं होती. पोह्यांच्या त्या सकाळीही बोलता आली असती. बाबांनी मान खाली घातली आणि सुटकेसच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “मलाही तिकडं जायचं नाही. पोराचं सगळं चांगलं आहे. पण त्या घरात ती कधी राहिली नाही.”

मी फोनवर त्यांचं फिनिक्सचं, म्हणजे आमच्या घराजवळच्या विमानतळाचं, तिकीट काढलं. मुलाला आत्ता कळवू का, असं मी विचारलं तर त्यांनी नको म्हटलं, तो येऊनच पोचला असेल, तोंडानं सांगतो. जेवायला आम्ही एका टेबलावर बसलो. विस्कॉन्सिनच्या बाईंनी दोघांनाही सारखंच रागावून घेतलं.

डलूथला बंदरात शिरायला एक अरुंद कालवा आहे आणि त्याच्यावर पूल. जहाज आलं की भोंगा वाजतो आणि अख्खा पूल सरळ वर उचलला जातो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लोक उभे राहून हात हलवतात, इतक्या जवळून की त्यांचे चेहरे दिसतात. त्या गर्दीत माझा मेव्हणा उभा होता. हातात बाबांसाठी आणलेलं जाड जाकीट. त्यानं आम्हाला बघितलं, मोठ्यांदा “बाबा” म्हणून हाक मारली आणि भिंतीवरून जहाजाच्या बरोबरीनं चालायला लागला. पन्नाशीचा माणूस, अधूनमधून धावत होता. बाबा हात हलवत होते. त्यांचा चेहरा मी बघितला आणि दुसरीकडे बघायला लागलो.

धक्क्यावर बाबांनी त्याला सांगितलं. मला वाटलं होतं तो म्हणणार, लोक काय म्हणतील. बाप जावयाच्या दारात राहतो आणि मुलगा इकडं मजेत, असं आयसेलिनला कुणीतरी नक्की म्हणेल, हे त्यानं फोनवर मला आधी ऐकवलं होतं. त्याला द्यायची उत्तरं मी मनात तयार ठेवली होती. त्यानं ते काहीच काढलं नाही. तो माझ्याकडे वळला.

“भाऊजी, मी खालची रूम रेडी केली त्यांच्यासाठी,” तो म्हणाला. “बाथरूममध्ये धरायला रॉड बसवून घेतले.”

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, धम्मचक्र दिनाला येतो, चांगला राहतो, नातवंडांना घेऊन विहारात जाऊ. त्यानं ठीक आहे म्हटलं. मग जाकीट बाबांच्या अंगावर घातलं, चेन वर ओढली, कॉलर नीट केली. मे महिन्यातसुद्धा डलूथला वारा बोचतो. बाबा त्याला ‘हे तुलाच ठेव’ म्हणाले नाहीत, घालून घेतलं.

विमानतळावर आम्ही तिघांनी कॉफी घेतली. मेव्हण्यानं मुलांचे फोटो दाखवले. त्याचं विमान आधी होतं. त्यानं आपलं आणि बाबांचं तिकीट एकत्र काढलं होतं, शेजारशेजारच्या सीट, खिडकीची बाबांना. रांगेत उभा राहिल्यावर तो एकदा मागं वळून बघत होता, मग समोर, मग पुन्हा मागं. त्या क्षणी मी बाबांना म्हटलं असतं की जा त्याच्याबरोबर, तर ते गेले असते, जावयाचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. त्याच्या शेजारची सीट न्यू जर्सीपर्यंत रिकामी जाणार होती. शेजारची रिकामी जागा काय असते, ते मला कुणी सांगायला नको होतं. तरी मी गप्प बसलो.